खान्देशच्या उन्हात सायकल आणि पायी फिरताना: बदली होऊन आलेल्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून बदली होऊन मी जळगावात आले. नाशिकला रविवारी सकाळी चहा-पोहे उरकून आठला सायकल काढायची आणि अकरा-साडेअकरापर्यंत घरी यायचं, अशी माझी वर्षानुवर्षांची सवय. तीच सवय घेऊन पहिल्याच रविवारी कानळद्याच्या रस्त्याला लागले. जाताना काही जाणवलं नाही. घाम दिसत नव्हता, म्हणून उलट बरंच वाटत होतं. परतताना साडेदहाच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं आणि एका केळीच्या बागेजवळ उतरून मी बांधावरच बसले. बागेतल्या आजोबांनी निंबाखाली नेलं, माठातलं पाणी पाजलं, रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला आणि मग विचारलं, "बाहेरगावच्या दिसता ताई. ह्या टायमाला कोणी निघतं का?"

घाम येत होता. पण आल्या आल्या सुकत होता, म्हणून दिसत नव्हता. घरी आल्यावर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे दिसले तेव्हा ते कळलं.

त्यानंतर मी सायकल सोडली नाही, वेळापत्रक सोडलं. आता वर्षभर फिरते, आठवड्यातून तीन दिवस सायकल आणि दोन दिवस चालणं. ऑफिसात दरवर्षी कोणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. रोजच्या फिरण्यासाठी हे आहे. शर्यती, वेगाचे आकडे, अंगाला चिकटणारे कपडे यातलं मला काही कळत नाही.

१. आधी परतायची वेळ ठरवा

बाकी ठिकाणी लोक किती किलोमीटर जायचं ते ठरवतात. इथे घरात पाय कधी ठेवायचा ते ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं सपाट खोरं आणि मैलोन्‌मैल काळी जमीन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला तर इथे कोणी भुवई उंचावत नाही.

माझं घड्याळ असं आहे:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: जानेवारीत सूर्य सातच्या पुढेच उगवतो. साडेसहाला निघा, दहापर्यंत निवांत फिरा. थंडी बोचरी असते, हातमोजे लागतात. नवख्या माणसाने सुरुवात याच दिवसांत करावी.
- मार्च: नऊच्या आत घरी. फसवतो तो हाच महिना, कारण पहाटे गार असते आणि नऊनंतर एकदम चटका बसतो.
- एप्रिल, मे आणि पाऊस पडेपर्यंतचा जून: मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. पाचला निघा, साडेसातला घरी. आठ ही शेवटची हद्द.

वेळेचे दोन सारखे भाग करू नका. अडीच तास हातात असतील तर एक तास झाला की मागे फिरा. परतताना ऊन वाढलेलं असतं, पाय थकलेले असतात आणि एप्रिलपासून उशीर होऊन नऊच्या आसपासचा पश्चिमेचा वारा गाठला की सपाट रस्ताही चढ वाटतो.

संध्याकाळचं काय, असं सगळेच विचारतात. मेमध्ये सूर्य सातला बुडतो, पण डांबर आणि काँक्रीट दिवसभराची धग रात्री नऊपर्यंत बाहेर टाकत असतात. चालायचंच असेल तर रात्री जेवणाआधी शाळेच्या मातीच्या मैदानावर चाला. सायकल संध्याकाळी नकोच, रहदारीही वाईट असते.

हवामान खात्याच्या हिशेबात सपाटीवर पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला पोचला, की उष्णतेची लाट. तसा इशारा आला की मी त्या दिवशी जिना चढते-उतरते आणि गप्प बसते.

२. अंगाला दोन आठवडे द्या

उन्हाची सवय मनाला पटकन होते, शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. म्हणून पहिले तीन-चार दिवस वीस मिनिटं, मग दर दोन दिवसांनी पाच-दहा मिनिटं वाढवा. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

ही सवय मोडतेही. तीन-चार आठवडे सुट्टीत थंड गावी राहून आलात की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. मी एकदा जूनमध्ये हे विसरले आणि दोन दिवस डोकं धरून बसले.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. जुलाब, ताप किंवा रात्री झोप झालेली नसेल, त्या दिवशी बाहेर पडू नका.

३. पायाखालचा रस्ता ओळखा

आपल्याकडे शहराबाहेर मैलभर पसरलेल्या, फक्त सायकल आणि चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या वाटा नाहीत. तळ्याकाठचा ट्रॅक, बागेतली पायवाट, कॉलनीतले रुंद रस्ते आणि गावाकडे जाणारे कमी रहदारीचे डांबरी रस्ते यातूनच आपली वाट बनवायची.

डांबर चालायला मऊ, पण तापतं सगळ्यात जास्त. मेच्या दुपारी पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि जुन्या रस्त्यांवर डांबर पाघळून टायरला चिकटतं, त्यावर मग खडी चिकटते. काँक्रीट थोडं कमी तापतं, पण कडक असतं. रोज त्यावर चाललात तर नडग्या दुखतात. शिवाय काँक्रीटचा पट्टा आणि साइडपट्टी यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी चार बोटं खोल पायरी असते. मागून हॉर्न वाजला म्हणून घाबरून खाली उतरलात आणि तशीच तिरपी सायकल वर चढवायला गेलात, की पुढचं चाक घासून आडवं. उतरलात तर थांबा, सायकल उचलून वर घ्या. पेव्हर ब्लॉक चालायला ठीक, सायकलला खडखडाट, आणि पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर दोघांनाही वाईट.

जळगावात सुरुवात मेहरूण तलावापासून करा. पहाटे तिथे चालणाऱ्यांची गर्दी असते, म्हणजे एकटं वाटत नाही. (मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात फेरी संपली की विकत घ्यायची, झाडाखाली मात्र सायकल न्यायची नाही. का, ते पुढे येईल.) मग शिरसोली रस्ता. जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेलं गांधी तीर्थ याच बाजूला आहे. चढ सौम्य आहेत, पण आहेत. पाय बसल्यावर रामदेववाडीपर्यंत जा. असोद्याचा रस्ता जवळचा आणि शेतांमधून जाणारा. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. कानळदा दहा-बारा किलोमीटर, गिरणा नदीच्या बाजूला. मला उताणं पाडलेला रस्ता हाच, पण सकाळी सहाला तो जिल्ह्यातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक आहे.

भुसावळकरांना रेल्वे कॉलनीतली जुनी झाडं आहेत. धुळेकर नकाणे तलावाकडे जातात. लळिंगचा किल्ला जवळ दिसतो म्हणून नवीन माणूस सायकल घेऊन निघतो, पण तो मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

दिशेचाही विचार करा. सकाळी पूर्वेकडे तोंड करून चालवत असाल तर सूर्य तुमच्या डोळ्यांत असतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही. त्याला तुम्ही दिसतच नाही. उजाडल्यानंतरचा पहिला अर्धा तास तरी उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता धरा.

४. सायकल: व्हॉल्व्ह आणि काटे

सायकल कुठली घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी एवढंच सांगते: फार बारीक टायर नको, फार जाड गुटगुटीत टायरही नको. साधारण दीड इंची टायर, चांगले ब्रेक आणि तुमच्या उंचीची फ्रेम. पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. बहुतेक नवखे सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलच विकून टाकतात.

व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायचं तोंड, मात्र बघून घ्या. साध्या सायकलचा वेगळा, मोटरसायकलसारखा जाड वेगळा आणि महागड्या सायकलींचा बारीक लांबट वेगळा. खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानात जाड व्हॉल्व्हची सोय हमखास असते, बारीकची जवळपास कधीच नसते. मला एका दुकानदाराने "सगळं सारखंच असतं" म्हणून बारीक व्हॉल्व्हची ट्यूब दिली होती. तिच्यापायी सायकल हातात धरून सहा किलोमीटर चालत आले. आणि दुकानात कॉम्प्रेसर असेल तर "थोडी थोडी भरा" असं आधीच सांगा. ट्रकच्या टायरची सवय असलेला हात सायकलची ट्यूब क्षणात फोडतो.

हवा किती, ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. त्यातला मधला आकडा धरा. मेमध्ये वरच्या आकड्यापर्यंत भरून सायकल उन्हात उभी केली तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि ठिगळ सुटतं. माझी एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असताना फटाक्यासारखी फुटली. शिपाई धावत आले.

आता काटे. खान्देशात सायकल चालवणं म्हणजे काट्यांशी ओळख करून घेणं. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सराटा. जमिनीलगत पसरणारा, पिवळ्या फुलांचा वेल. फळ सुकलं की कसंही पडलं तरी एक काटा वरच असतो. पावसाळ्यानंतर साइडपट्टीवर तो भरपूर असतो. माझ्या पंक्चरवाल्या काकांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, सायकल रोडच्या खाली उतरवू नका. थांबायचं तर उचलून न्या, नाहीतर सराटा लागीन." तेव्हापासून फोटो काढायला सायकल गवतात आडवी टाकणं बंद.

तीन उपाय:

- टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी मिळते. नाही मिळाली तर जुनी ट्यूब उभी चिरून आत बसवून घ्या, इथले मिस्त्री ती सहज बसवून देतात. सायकल थोडी जड होते, पंक्चर बरीच कमी होतात.
- रोज घरी आल्यावर टायर फिरवून बघा. अडकलेला काटा त्याच दिवशी काढला तर आत पोचत नाही.
- पंक्चर झालंच तर नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. काटा तिथेच असतो. तो न काढता दुसरी ट्यूब घातलेले आणि शंभर मीटरवर पुन्हा थांबलेले लोक मी पाहिलेत. त्यातली एक मी.

ठिगळ लावणं घरी बसून एकदा शिका. रस्त्यात, उन्हात, पहिल्यांदाच शिकायची ती गोष्ट नव्हे.

५. पायांसाठी

चालणाऱ्यांनी बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, उष्णतेने पाय सुजतात. स्लीपर घालून ट्रॅकवर येणारे काका दिसतील, त्यांचं अनुकरण नको. मोजे पातळ, रोज धुतलेले. तळ्याकाठच्या वाटेला एका बाजूला उतार असेल तर एक दिवस सरळ आणि एक दिवस उलट फेरी मारा, नाहीतर एकच गुडघा बोलायला लागतो.

६. सोबत काय घ्यायचं

- पाण्याच्या दोन बाटल्या, पाऊण लिटरच्या. चालताना एक पुरते.
- ओआरएसचं एक पाकीट आणि शेंगदाण्याचा लाडू किंवा दोन केळी. केळीच्या गावात राहून एनर्जी बार विकत घेणं मला जमत नाही.
- सुती उपरणं किंवा मोठा रुमाल. गळ्याला, डोक्याला, ओला करायला, हात पुसायला.
- हेल्मेट. आतून पातळ सुती टोपी, म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही.
- पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, सैल सदरा. इथल्या कोरड्या उन्हात उघडे हात जास्त तापतात. शेतातल्या बाया साडीवर पुरुषी सदरा चढवतात तो उगाच नाही.
- गॉगल. उन्हासाठी आणि धुळीसाठीही.
- पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा. पाचला निघायचं तर हे लागणारच.
- छोटा पंप, ठिगळं, सोल्यूशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पाना. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात वाळते. महिन्यातून एकदा दाबून बघा.
- शंभर-दोनशे रुपये सुट्टे. खेड्यात मोबाइलला रेंज नसली की पैसे जात नाहीत.

कागदपत्रं फारशी लागत नाहीत, सायकलला परवाना नाही. पण आधारची झेरॉक्स आणि एका कागदावर नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा फोन नंबर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाइलला लॉक असतं, कागदाला नसतं. सायकलचं बिल घरी जपा आणि फ्रेमचा नंबर (बहुधा पेडलच्या खाली, फ्रेमच्या तळाला कोरलेला असतो) फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर तक्रारीत तोच उपयोगी पडतो.

७. पाणी आणि मीठ

तहान लागेपर्यंत थांबू नका, पण घटाघटही पिऊ नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट. निघण्याच्या अर्धा तास आधी एक मोठा ग्लास. तासाभरापेक्षा जास्त वेळ असाल तर दुसऱ्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी. नुसतं साधं पाणी दोन-तीन लिटर ओतलंत तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मळमळ, डोकेदुखी सुरू होते. ती उन्हाची समजून माणूस आणखी पाणी पितो.

घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा सपाट, शीग लावून नाही. पाकीट आणलंत तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका. आणि एक फसगत: ओआरएससारखी भासणारी टेट्रापॅकमधली गोड पेयं. ती सरबतं आहेत. मेडिकलमध्ये पावडरचं पाकीट मागा आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा.

बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात चहासारखं होतं. जुना सुती मोजा ओला करून बाटलीवर चढवा. माठ ज्या कारणाने पाणी गार ठेवतो, त्याच कारणाने हे चालतं: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. ओलं उपरणं मानेवर टाकायचं तेही त्यासाठीच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याचा फार उपयोग होतो.

उन्हाळ्यात गावोगावी पाणपोया असतात, रांजणाला ओलं फडकं गुंडाळलेलं. बाटली तिथे भरा. परतल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं. रस्त्यातली रसवंती मलाही आवडते, पण त्यातला बर्फ कुठला, हा प्रश्न विचारून मग प्या.

८. रस्त्यावरचं वागणं

सायकल डाव्या बाजूने. चालणाऱ्याने, फुटपाथ नसेल तिथे, उजव्या बाजूने, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते. नवरा-बायको सकाळी एकत्र निघून एक चालत आणि एक सायकलवर असतील तर दोघं दोन बाजूंना हवेत. लोक हसतील, हसू द्या.

तळ्याकाठी चालणारी मंडळी चार-चारच्या ओळीत, निवडणुकीपासून गुडघेदुखीपर्यंत बोलत चाललेली असतात. तिथे सायकल नेता येते की नाही, ते आधी पाटी वाचून बघा. येत असेल तर लांबून दोनदा घंटी, वेग कमी, उजवीकडून पुढे. जवळ येऊन अचानक घंटी वाजवली की माणूस नेमका तुमच्याच बाजूला उडी मारतो. कानात गाणी घालून सायकल नकोच.

गावाकडच्या रस्त्यांची खासियत वेगळी. यावल-रावेर-फैजपूर भागात केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर वर्षभर चालतात, पडलेल्या केळीच्या पानावर ओल असेल तर चाक सरकतं. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना फुगलेली गाठोडी असतात, ती ओलांडताना अंतर दुप्पट ठेवा. मका-ज्वारी निघाली की अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं असतं आणि कडेला राखणीचे दगड. धान्य उचललं जातं, दगड राहतात. पहाटेच्या अंधारात माझा दिवा मला फक्त या दगडांसाठी लागतो. आणि धान्यावरून सायकल नेऊ नका, कोणाचं तरी वर्षाचं पीक आहे ते.

कुत्री अंगावर आली तर पेडल मारून पळू नका. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा, आवाज चढवा, सावकाश चालत पुढे जा. नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर भागतं.

९. ऊन लागलं तर

पायात गोळे, खूप थकवा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर: ही पहिली घंटा. त्या क्षणी थांबा. "घर जवळच आहे" हे वाक्य मनात आलं की समजा, ते ऊन बोलतंय. सावली, सैल कपडे, ओला रुमाल, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी पुढे सायकल नको. रिक्षा करा किंवा घरून कोणाला बोलवा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोजायची वेळ असते. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. खिशात कांदा ठेवायचा सल्ला इथे प्रत्येक जण देतो. ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पण कांदा आहे म्हणून बारा वाजता निघू नका.

१०. पावसाळा आणि ऑक्टोबर

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३०-३२ वर असतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हवेत ओल असते, घाम अंगावरच राहतो आणि ओल्या मोज्याची, ओल्या उपरण्याची युक्ती चालत नाही. वेग कमी ठेवा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, ब्रेक लवकर आणि हलके दाबा. डांबर सोडून गाडरस्त्याला चुकूनही वळू नका. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, आणि मग काडी घेऊन कोरत बसायचं. ऑक्टोबरचा उकाडा हा लहान मे महिनाच समजा, मार्चचं वेळापत्रक लावा.

११. पहिला लांबचा पल्ला

तीन महिने नियमित झाले आणि दिवस नोव्हेंबर ते जानेवारीचे असले, की मगच. चोपड्याकडचं उनपदेव, यावलचं मनुदेवी, चाळीसगावजवळचं पाटणादेवी ही सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याचे नियम पाळा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. तोरणमाळचा घाट पहिल्या वर्षी नको. चढणं जमेल, उतरताना ब्रेक तापतात. कन्नडचा घाट सायकलने मी आजवर केलेला नाही, करायचा विचारही नाही.

वाऱ्याचा अंदाज घेऊन एकीकडून सायकल आणि परत रेल्वे असंही करता येतं. सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक होते. गाडीच्या वेळेच्या बरंच आधी जा आणि पावती जपून ठेवा.

माझा आवडता पल्ला मात्र छोटाच आहे. डिसेंबरात असोद्याला जायचं, भरताची हिरवी वांगी घ्यायची आणि घरी येऊन कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरीबरोबर भरीत. वांग्यांची पिशवी हँडलला अडकवू नका. ती झुलते आणि पुढच्या चाकात जाते. कॅरिअरला रबरी पट्ट्याने आवळून बांधा, आणि हिरव्या मिरच्या वेगळ्या, खिशात.